अमेरिकेतील स्कँडिनेव्हियन स्थलांतरित आणि त्यांचे वंशज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तीन देशांतून मिळून वीस लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत जाऊन राहिली. त्यांच्या इतिहासाविषयी आणि त्यांच्या वंशजांच्या ओळखीविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांत नॉर्वेजियनांना अधिक जागा मिळाली आहे. ग्रामीण वस्ती, चर्च, वृत्तपत्रे आणि संस्था यांच्या आधाराने आपली वेगळी ओळख त्यांनी सर्वाधिक काळ धरून ठेवली, हे त्यामागचे कारण आहे.

‘स्कँडिनेव्हियन’ या नावाखाली नेमके कोण येतात?

काटेकोर अर्थाने नॉर्वेजियन, स्वीडिश आणि डॅनिश. या तिघांच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की थोड्या सरावाने एकाला दुसऱ्याचे बोलणे समजते. फिन लोकांची भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातील असल्यामुळे त्यांचा इतिहास सहसा स्वतंत्र लिहिला जातो. आइसलँडहून आलेल्यांची मुख्य वसाहत कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या काठी गिमली येथे १८७५ मध्ये झाली.

मायदेशी असताना यांतील बहुतेक शेतकरी स्वतःला अमुक खोऱ्याचे, अमुक चर्चच्या हद्दीतले म्हणून ओळखत. आपण ‘नॉर्वेजियन’ किंवा ‘स्वीडिश’ आहोत ही जाणीव अनेकांच्या मनात ठळक झाली ती अमेरिकेत, आयरिश, जर्मन आणि इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहू लागल्यावर. ही ओळख बोटीतून आणलेल्या पेटाऱ्यातून जशीच्या तशी बाहेर निघाली असे मानणे बरोबर नाही. तिचा मोठा भाग अमेरिकेतच घडला, आणि पुढील बहुतेक उत्तरे या विधानाकडे वळतात.

हा इतिहास व्हायकिंग लोकांपासून सुरू होतो का?

नाही. नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचले होते हे हेल्गे आणि आन स्टीने इंगस्ताद या दाम्पत्याने १९६० नंतर केलेल्या उत्खननातून सिद्ध झाले आहे, आणि तेथील लाकडाच्या अलीकडील अभ्यासातून इ.स. १०२१ हे वर्षही निश्चित झाले आहे. मात्र त्या वस्तीचा आणि एकोणिसाव्या शतकातील स्थलांतराचा कोणताही अखंड दुवा नाही. स्वीडनने १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी वसवलेली ‘न्यू स्वीडन’ वसाहतही १६५५ मध्ये डचांच्या हाती गेली.

मग सुरुवात कोठून मानावी?

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेच्या स्टावांगर बंदरातून निघालेल्या ‘रेस्टोरेशन’ या लहान गलबतापासून. त्यावर ५२ माणसे होती. वाटेत एक मुलगी जन्मली आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला ५३ जण उतरले. अमेरिकी कायद्याने जहाजाच्या वजनाच्या प्रमाणात प्रवाशांची मर्यादा ठरवली होती आणि या गलबताने ती कितीतरी ओलांडली होती. गलबत जप्त झाले, जबर दंड ठोठावला गेला, आणि अखेर अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी तो माफ केला.

या प्रवाशांपैकी अनेक जण क्वेकर पंथाचे किंवा हान्स नील्सेन हाउगे यांच्या धर्मजागृतीच्या चळवळीतले होते. त्या काळी नॉर्वेत १७४१चा एक कायदा लागू होता. धर्मगुरूच्या परवानगीवाचून सामान्य माणसांनी प्रार्थनेसाठी एकत्र जमणे त्या कायद्याने निषिद्ध होते. हाउगे यांना त्यासाठी अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. हा कायदा १८४२ मध्ये रद्द झाला. क्लेंग पेअरसन नावाचा गृहस्थ या मंडळींसाठी आधीच अमेरिकेत जाऊन जागा पाहून आला होता. न्यूयॉर्क राज्यात केंडल येथे मिळालेली जमीन घनदाट जंगलाची निघाल्यामुळे १८३४ पासून यांतील बहुतेक कुटुंबे इलिनॉयमधील फॉक्स नदीच्या खोऱ्यात गेली. अमेरिकेत ९ ऑक्टोबर हा नॉर्स दर्यावर्दी लाइफ एरिक्सनच्या नावाने पाळला जाणारा दिवस आहे. तारीख मात्र या गलबताच्या आगमनाची आहे.

धर्मस्वातंत्र्य हेच स्थलांतराचे मुख्य कारण होते का?

पहिल्या गटांच्या बाबतीत ते मोठे कारण होते. स्वीडनमधील एरिक यान्सन यांचे अनुयायीही छळाला कंटाळून निघाले आणि १८४६ मध्ये इलिनॉयमध्ये बिशप हिल ही सामुदायिक मालकीची वसाहत त्यांनी उभारली. डेन्मार्कमध्ये मॉर्मन प्रचारकांनी १८५० पासून हजारो लोकांना आपल्या पंथात घेतले आणि त्यांतील बरेच जण युटामधील सॅनपीट खोऱ्यात जाऊन शेती करू लागले.

परंतु पुढच्या लाखोंच्या लोंढ्यामागे जमीन होती, किंवा नेमके सांगायचे तर जमिनीचा अभाव होता. नॉर्वेत लागवडीयोग्य क्षेत्र एकूण भूमीच्या सुमारे तीन टक्के आहे. १८१५ नंतरच्या पन्नास वर्षांत शांतता, देवीची लस आणि बटाटा यांमुळे बालमृत्यू घटले आणि लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली, पण शेते वाढली नाहीत. वडिलोपार्जित शेतावर थोरल्या मुलाचा हक्क असे. धाकट्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडी बांधून श्रमाच्या मोबदल्यात राहणाऱ्या कुळाचे जिणे येई. स्वीडनमध्ये १८६७ ते १८६९ या काळात आधी अतिवृष्टी आणि मग अवर्षण होऊन शेवटचा मोठा दुष्काळ पडला आणि गावेच्या गावे बंदरांकडे चालू लागली. त्याच सुमारास अमेरिकेने १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती आणि लागवड करणाऱ्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली होती. डोंगरउतारावरच्या दगडातून चार-पाच एकर सोडवून घेणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

डेन्मार्कच्या बाबतीत आणखी एक कारण होते. १८६४च्या युद्धात श्लेसविग प्रांत गेल्यावर प्रशियाच्या सैन्यात सक्तीने भरती होण्यापेक्षा अनेक डॅनिश भाषक तरुणांनी देश सोडणे पसंत केले.

एकदा वाट पडली की माणसे माणसांच्या मागून जातात. अमेरिकेहून आलेली पत्रे गावात मोठ्याने वाचली जात आणि हाताने नकलून पुढच्या गावी पाठवली जात. पुढे पुढे पत्रासोबत आधीच पैसे भरलेले तिकीटही येऊ लागले. १८८२ या एका वर्षात नॉर्वेतून २८ हजारांहून अधिक लोक गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले, तर नॉर्वेहून अधिक माणसे गमावणारा युरोपीय देश म्हणजे आयर्लंड.

प्रवास कसा होत असे?

शिडाच्या जहाजांच्या काळात आठ ते दहा आठवडे लागत आणि शिधा आपला आपण न्यावा लागे. १८५० नंतर अनेक नॉर्वेजियन जहाजे क्वेबेकला जात आणि परतताना कॅनडाचे लाकूड भरून आणत, त्यामुळे तिकीट स्वस्त पडे. वाफेची जहाजे आल्यावर गोथेनबर्ग किंवा ओस्लोहून इंग्लंडमधील हल, तेथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग न्यूयॉर्क हा मार्ग रूढ झाला. समुद्रप्रवास दोन आठवड्यांच्या आत आला.

ते मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि डकोटा याच भागांत का एकवटले?

हवामान मायदेशासारखे होते म्हणून, असे उत्तर सर्रास दिले जाते, आणि ते अपुरे आहे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला डकोटाच्या झाडे नसलेल्या सपाट माळरानाचे आणि तेथील कडाक्याच्या थंडीचे ओळखीचे असे काहीच वाटले नसणार. खरे कारण काळाचे आहे. स्कँडिनेव्हियन लोंढा ज्या दशकांत आला, त्या दशकांत सरकार जी जमीन वाटत होते ती याच पट्ट्यात होती. आधी आलेले तेथे होते म्हणून नंतरचे तेथेच गेले.

ती जमीन त्याआधी कोणाची होती?

हा प्रश्न फार काळ विचारला गेला नाही, आणि म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देणे आवश्यक आहे. दक्षिण मिनेसोटाची भूमी तेथील मूळ रहिवासी डकोटा लोकांची होती. १८५१च्या करारांनी त्यांच्याकडून सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन घेण्यात आली आणि त्यांना मिनेसोटा नदीकाठच्या अरुंद पट्टीत ढकलण्यात आले. १८६२च्या उन्हाळ्यात जमिनीच्या मोबदल्यात सरकारने कबूल केलेली वार्षिक रक्कम वेळेवर आली नाही, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, आणि उपासमार सुरू झाली. ऑगस्टमध्ये युद्ध भडकले. शेकडो वसाहतवाले मारले गेले आणि त्यांत नॉर्वेजियन व स्वीडिश कुटुंबेही होती. मॉन्सन सरोवराजवळ एकाच दिवशी १३ स्वीडिश माणसे मारली गेली, तेथे आज स्मारक आहे. युद्धानंतर २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी होय. पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटातून हद्दपार करण्याचा कायदा झाला आणि रिकामी करवलेली जमीन ज्यांना मिळाली त्यांत स्कँडिनेव्हियन मोठ्या संख्येने होते. होमस्टेड कायदाही १८६२चाच आहे, हेही ध्यानात ठेवावे.

नॉर्थ डकोटातील स्पिरिट लेक येथे तर १९०४ पासून डकोटांसाठी राखलेल्या प्रदेशाच्या आतील जमीनच वसाहतवाल्यांसाठी खुली झाली. गरीब नॉर्वेजियन शेतकरी आणि विस्थापित डकोटा तेथे एकमेकांचे शेजारी बनले, आणि १९२९ पर्यंत तेथे डकोटांपेक्षा अधिक जमीन स्कँडिनेव्हियनांच्या नावे झाली. मायदेशी जमीन नव्हती म्हणून आलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या भूमिहीनतेवर आपली शेते उभी केली. त्यांचे कष्ट खरे होते आणि हा अन्यायही तितकाच खरा होता. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

आडनावांत इतके ‘ओल्सन’, ‘जॉन्सन’, ‘अँडरसन’ का आढळतात?

कारण मायदेशी सामान्य शेतकऱ्याला कायमचे आडनाव नव्हते. ‘ओले’ नावाच्या माणसाचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदातेर, आणि पुढच्या पिढीत हे नाव पुन्हा बदलणार. त्याला जोडून नॉर्वेत शेताचे नाव लावत. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते तसेच हे, पण एक फरक होता. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचे हे नावही बदलत असे. नॉर्वेत कायम कुलनाम सक्तीचे झाले ते १९२३च्या कायद्याने. अमेरिकेत मात्र जमिनीच्या कागदावर, सैन्यात आणि शाळेत एकच नाव लागे. मग कोणी वडिलांचे नाव गोठवले, कोणी शेताचे नाव घेतले, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावे लावल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली ही समजूत चुकीची आहे. प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरातच तयार होत आणि येथे त्या फक्त पडताळल्या जात.

सगळे शेतकरीच होते का?

नाही. १८८० नंतर आलेल्यांत शहरांकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. स्टॉकहोम वगळता सर्वाधिक स्वीडिश वस्ती शिकागोत आहे असे विसाव्या शतकाच्या आरंभी म्हटले जाई. स्वीडिश तरुणी तेथे मोठ्या संख्येने घरकाम करत. राहणे-जेवण मिळून रोख पगार हाती पडत असल्यामुळे गावी बैलासारखे राबूनही न मिळणारे स्वातंत्र्य त्यांना मिळाले. इंग्रजीही त्याच आधी शिकल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बे रिज भागात नॉर्वेजियन खलाशी आणि गोदी कामगार राहत, तर सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड भागात मच्छीमार.

राजकारणातही ते एका रंगाचे नव्हते. नॉर्वेतील वॉस येथे जन्मलेले क्नूट नेल्सन १८९३ मध्ये मिनेसोटाचे राज्यपाल झाले आणि पुढे मृत्यूपर्यंत सिनेटर राहिले. दारूबंदीचा १९१९चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अँड्र्यू व्होल्स्टेड नॉर्वेजियन आईवडिलांचे पुत्र होते. स्वीडनच्या येव्हले गावातून आलेला कामगार चळवळीचा गीतकार जो हिल याला १९१५ मध्ये युटात, निकालाविषयी जगभर शंका व्यक्त होत असताना, गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या १५व्या पलटणीत प्रामुख्याने स्कँडिनेव्हियनच होते. तिचे कर्नल, गुलामगिरीचे कट्टर विरोधक हान्स क्रिश्चन हेग, १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मरण पावले.

समाज एकत्र ठेवण्याचे काम कोणी केले?

प्रथम लुथरन चर्चने. देवळाबरोबर महाविद्यालये आली : नॉर्वेजियनांची लुथर (१८६१) आणि सेंट ओलाफ (१८७४), स्वीडिशांची ऑगस्टाना (१८६०) आणि गुस्टावस अडॉल्फस (१८६२). मायदेशी एकच राजमान्य चर्च होते. अमेरिकेत मात्र पूर्वनियतीसारख्या (कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, या) तत्त्वांवरून कडाक्याचे वाद झाले, मंडळ्या फुटल्या, आणि एकाच गावात समोरासमोर दोन नॉर्वेजियन चर्च उभी राहिली. १९१७ मध्ये बहुतेक नॉर्वेजियन गट एकत्र आले.

दुसरे काम वृत्तपत्रांचे. आयोवातील डिकोरा गावाहून निघणारे ‘डिकोरा-पोस्टेन’ १८७४ पासून १९७२ पर्यंत चालले, शिकागोचे ‘स्कँडिनेव्हेन’ १८६६ ते १९४१. तिसरे, परस्पर साहाय्याच्या संस्थांचे. ‘सन्स ऑफ नॉर्वे’ १८९५ मध्ये मिनिआपोलिस येथे १८ जणांनी सुरू केली, आणि तिचा मूळ हेतू आजारपणात व मृत्यूनंतर सभासदांच्या कुटुंबाला आधार देणे हा होता. १८९९ पासून एकेका खोऱ्याच्या लोकांची संमेलने भरू लागली. पहिले वाल्द्रेस खोऱ्याचे. आपल्या बोलीत बोलण्यासाठी लोक शेकडो मैलांवरून येत.

डॅनिश लोक लवकर मिसळून गेले असे म्हणतात, ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. त्यांची संख्या कमी होती, ते विखुरलेले होते आणि त्यांच्यात परक्यांशी विवाह अधिक झाले. त्यात १८९४ मध्ये त्यांचे चर्च दुभंगले. एक बाजू कडक धर्माचरण मानणारी, तर दुसरी डॅनिश धर्मगुरू ग्रुंटव्हिग यांच्या विचारांची, लोकगीते, लोकशाळा आणि डॅनिश भाषा जपणारी. या दुसऱ्या बाजूने मिनेसोटातील टायलर आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील सोलवँग येथे वसाहती केल्या. आणखी एक आगळी गोष्ट म्हणजे डॅनिश अमेरिकनांनी मायदेशी रेबिल्ड येथे माळरान विकत घेऊन देशाला दिले आणि तेथे १९१२ पासून अमेरिकेचा ४ जुलै साजरा होतो.

भाषा केव्हा आणि कशी गेली?

पहिल्या महायुद्धापूर्वी मिनेसोटातील अनेक गावांत नॉर्वेजियन बोलून सगळे व्यवहार होत. युद्धाने परक्या भाषेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आयोवाचे राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी मे १९१८ मध्ये घोषणा काढून शाळा, सार्वजनिक जागा, आगगाडी, टेलिफोन आणि चर्चमध्येही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. रोख जर्मनांवर होता, पण ज्यांची मुले अमेरिकेच्याच सैन्यात लढत होती अशा नॉर्वेजियन आणि डॅनिश कुटुंबांनाही तिचा फटका बसला. डिसेंबरमध्ये ती मागे घेतली गेली, तरी तिने केलेला परिणाम राहिला.

केवळ या दडपणाने भाषा संपली असे मात्र म्हणता येत नाही. मुले इंग्रजी शाळेत जात होती, आणि १९२४च्या कायद्याने स्थलांतरावर कठोर मर्यादा आल्यावर मायदेशाहून ताजी भाषा येणेही आटले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस चर्चमधील इंग्रजी उपासना नॉर्वेजियनपेक्षा अधिक झाल्या, आणि १९४६ मध्ये चर्चने आपल्या नावातून ‘नॉर्वेजियन’ हा शब्द काढला. काही खेड्यांतील वृद्ध त्यानंतरही अनेक वर्षे आजोबांची बोली बोलत राहिले. नॉर्वेत मागे पडलेले शब्द त्यांच्या तोंडी टिकून होते, त्यामुळे भाषाशास्त्रज्ञ मुद्दाम त्यांच्याकडे येत.

ल्युटफिस्क, लेफ्स, वेलबुट्टीची रंगकला : हे ‘अस्सल’ आहे का?

ल्युटफिस्क म्हणजे वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून, धुऊन मग शिजवलेला. लेफ्स म्हणजे तव्यावर भाजलेली बटाट्याची पातळ पोळी. मायदेशी हे साध्या घरातले आणि सणाचे पदार्थ होते. अमेरिकेत शरद ऋतूत चर्चच्या तळघरात शेकडो माणसांच्या पंगती बसू लागल्या आणि तेच पदार्थ समाजाची खूण बनले. रंगकलेचेही तसेच आहे. नॉर्वेतील लार्दालहून आलेले पेर लुस्ने विस्कॉन्सिनच्या स्टाउटन गावात गाड्या रंगवण्याच्या कारखान्यात होते. मंदीत काम गेल्यावर ते लाकडी ताटांवर जुनी वेलबुट्टी रंगवू लागले, आणि त्यातून विझत आलेली कला नव्याने रुजली. १७ मे हा १८१४च्या नॉर्वेजियन राज्यघटनेचा दिवस याच स्टाउटनमध्ये आजही मोठ्या मिरवणुकीने साजरा होतो. मूळ रूपाशी तंतोतंत जुळणे हीच अस्सलपणाची कसोटी मानली तर यातले थोडेच उतरेल, पण ती कसोटी आम्हाला योग्य वाटत नाही. माणसांनी एका ठिकाणी शंभर वर्षे जे केले ते त्यांचे स्वतःचे आहे.

केन्सिंग्टनचा शिलालेख खरा आहे का?

१८९८ मध्ये मिनेसोटातील स्वीडिश शेतकरी ओलोफ ओमान यांना शेतात प्राचीन स्कँडिनेव्हियन रूनिक लिपीतील १३६२ सालचा उल्लेख असलेला दगड सापडल्याचे सांगण्यात आले. भाषा आणि लिपी पाहून जाणकारांनी तो एकोणिसाव्या शतकातील ठरवला आहे. तरीही अलेक्झांड्रिया गावात त्याचे संग्रहालय आहे. ‘आम्ही येथे कोलंबसाच्याही आधी होतो’ असे म्हणण्याची गरज नव्याने आलेल्या समाजाला का भासली, यासाठी तो अभ्यासण्याजोगा आहे.

यांत सामी लोकही होते का?

होते. उत्तर स्कँडिनेव्हियाच्या या आदिवासी समाजातील काही कुटुंबांना अमेरिकी सरकारने १८९०च्या दशकात रेनडिअर पालन शिकवण्यासाठी अलास्कात नेले. इतर अनेक सामी नॉर्वेजियन, स्वीडिश किंवा फिन म्हणून आले आणि मायदेशी सोसलेल्या अवहेलनेमुळे त्यांनी मुलांनाही आपले मूळ सांगितले नाही. अलीकडे त्यांचे वंशज ते शोधू लागले आहेत.

भारताशी या समाजाचा काही संबंध येतो का?

एक मोठा संबंध येतो. गव्हाच्या बुटक्या, भरघोस वाणांचे जनक नॉर्मन बोरलॉग यांचा जन्म १९१४ मध्ये आयोवातील सॉडे या नॉर्वेजियन वस्तीत झाला. त्यांचे पूर्वज नॉर्वेच्या सोग्न भागातून १८५४ मध्ये आले होते. तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रयत्नांतून १९६६ मध्ये भारताने १८,००० टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणले, ते बोरलॉग यांच्या संशोधनाचे फळ होते. त्यांना १९७० चे शांततेचे नोबेल पूर्वजांच्याच देशात, ओस्लो येथे मिळाले, आणि २००६ मध्ये भारताने त्यांना पद्मविभूषण दिले.

आज ही ओळख कितपत शिल्लक आहे?

सुमारे चाळीस लाख अमेरिकन आपले मूळ नॉर्वेजियन सांगतात. बहुतेकांच्या अंगात चार-पाच देशांचे रक्त आहे आणि कोणते मूळ पुढे ठेवायचे हे ते स्वतः निवडतात. डिकोराचे ‘वेस्टरहाइम’ संग्रहालय, मिनिआपोलिसची ‘अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट’ आणि आयोवातील एल्क हॉर्नचे डॅनिश संग्रहालय ही आता या ओळखीची मुख्य घरे आहेत. मिनिआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात एकेकाळी स्कँडिनेव्हियन नाटकगृहे आणि दुकाने होती. आज तेथे सोमाली समाज राहतो. स्कँडिनेव्हियन नेहमीच सहज स्वीकारले गेले असे सांगणाऱ्यांनी १९१८ आठवावे. त्याच वेळी, गोरे आणि प्रोटेस्टंट असल्यामुळे त्यांना जे दरवाजे उघडे मिळाले ते सर्वांना मिळत नाहीत, हेही मान्य करावे.

वंशजांना आपले मूळ गाव शोधता येते का?

बहुतेकांना येते, कारण या तिन्ही देशांत चर्चच्या नोंदवह्या काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराने जन्म, विवाह, मृत्यू आणि देशांतराच्या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. स्वीडनमधील व्हेक्स्यो आणि डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथे स्थलांतराची खास अभिलेखागारे आहेत. शोधाला लागण्यापूर्वी घरातील बायबल, जुनी पत्रे आणि थडग्यांवरचे लेख पाहून तीन गोष्टी जमवाव्यात : जन्माची तारीख, चर्चच्या हद्दीचे नाव आणि शेताचे नाव. शेताचे नाव हाती नसेल तर एकाच वर्षी जन्मलेल्या अनेक ओले ओल्सेनांमधून आपला पूर्वज निवडणे फार अवघड जाते.